भाडेकरूची सुधारणा : लिंबायतसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही पुस्तिका नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावकडून गाडी धरून उधन्याला उतरलेल्या, सुरतेच्या लिंबायतमध्ये खोली शोधणाऱ्या आणि सुरत महानगरपालिका ज्याची लवकरच सुधारणा करणार आहे अशा माणसासाठी आहे. घरमालकांनी ती वाचायची गरज नाही. त्यांच्यासाठी पालिका दरवर्षी वेगळं वाङ्मय छापते. त्याला वेरा बिल, म्हणजे घरपट्टीचं बिल म्हणतात आणि ते घरपोच येतं.

सुरुवात करण्यापूर्वी एवढं साहित्य जवळ ठेवावं : आधार कार्ड, त्याच्या चार झेरॉक्स, दोन फोटो, एका महिन्याचं भाडं, तेवढंच डिपॉझिट, झाकणाचा एक ड्रम आणि इथं आधीपासून राहणारा गावाकडचा एक माणूस. शेवटची वस्तू नसेल तर बाकीचं सगळं परत घेऊन जावं.

इतिहास, लवकर उरकून

सुरतेची स्वच्छता समजून घ्यायची तर सप्टेंबर १९९४ पासून सुरुवात करावी. पावसाळ्यात पुराचं पाणी चढलं होतं, गटारं तुंबली होती, मेलेली जनावरं जागोजाग पडली होती. मग वेड रोडच्या बाजूनं प्लेगची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं शहर सोडून गेली. त्यात खानदेशकडे जाणाऱ्या गाड्याही होत्या. आपल्या आधीच्या पिढीतले जे लोक सुरतेचं नाव काढलं की अजून नाकाला रुमाल लावतात, ते त्या गाड्यांतले.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा झोन केले, प्रत्येक झोनच्या प्रमुखाला खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार दिले आणि अधिकाऱ्यांना एसीतून उठवून रोज सकाळी रस्त्यावर उभं केलं. या कार्यक्रमाला ‘एसी टू डीसी’ असं नाव होतं. डीसी म्हणजे डेली चोअर्स, रोजची कामं. बड्या लोकांची बेकायदा बांधकामंही पडली. १९९६ मध्ये इंटॅक या संस्थेनं सुरतेला चंडीगडखालोखाल देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरवलं. पुढं २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीनं पहिली आली. दीड-दोन वर्षांत एखाद्या शहराचं रूप असं पालटल्याचं उदाहरण आपल्याकडे दुसरं सहज सापडत नाही, आणि ते पालिकेच्या पगारी माणसांनीच करून दाखवलं, हे नवशिक्यानं टिंगल करण्यापूर्वी लक्षात ठेवावं.

एक गोष्ट मात्र या इतिहासात कुठं लिहिलेली सापडणार नाही. रोग वाढला तो दाटीवाटीच्या कामगार वस्त्यांत आणि झाडला गेला रस्ता. झाडू उंबरठ्यापर्यंत आला. उंबरठ्याच्या आत मालकाची हद्द सुरू होते आणि त्या हद्दीत तुम्ही राहता.

खोली निवडणे

लिंबायतमधले प्लॉट अरुंद आणि लांब असतात. तळमजल्यावर मालक राहतो किंवा त्याचं दुकान असतं. वर एकावर एक मजले, प्रत्येक मजल्यावर ओळीनं खोल्या आणि वर जायला लोखंडी जिना. जिना इतका उभा असतो की पलंग दोरीनं खिडकीतून चढवावा लागतो. म्हणून पलंग आणू नये. रात्रपाळीवाला आणि दिवसपाळीवाला एकच गादी वाटून घेतात, गादी गार होत नाही, आणि भाडंही निम्मं पडतं.

खोली बघायला जाताना भिंतीचा रंग बघावा. कमरेपर्यंत नवा ऑइल पेंट आणि त्याच्या वर जुना चुना दिसला तर मालक हौशी आहे असं समजू नये. ती खाडीच्या पाण्याची खूण आहे. मीठी खाडीच्या काठच्या गल्ल्यांत ही खूण घरोघर एकाच उंचीवर सापडते. मालकाला विचारलंत तर तो सांगेल, “मागच्या साली नाही आलं.” तो खोटं बोलत नसतो. मागच्याच्या मागच्या सालाबद्दल मात्र दुसरा प्रश्न विचारावा लागतो आणि तोवर खोली दुसऱ्यानं घेतलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता आणि उंबरा यांची उंची. गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला ही आनंदाची गोष्ट आहे, पण प्रत्येक नवा रस्ता जुन्याच्या डोक्यावर बसतो. दोन-तीन वेळा सुधारणा झालेल्या गल्लीत तळमजल्याची खोली रस्त्याच्या खाली गेलेली असते. तिथं पहिल्या पावसाला पाणी आपलं आपण आत येतं, कुणी बोलावलेलं नसताना. अशा खोलीचं भाडं कमी असतं. वरच्या मजल्यावर पाणी येत नाही. नळाचंही येत नाही.

नातं जोडणे

ही पायरी नीट वाचावी. खोली ठरली, पैसे दिले की मालक तुम्हाला भाचा करून घेतो. तो बहुधा आपल्याच बाजूचा असतो. शिरपूरचा, साक्रीचा, चोपड्याचा. तीस वर्षांपूर्वी तोही उधन्याला पिशवी घेऊन उतरला, लूमच्या खात्यात बारा-बारा तास उभा राहिला, भिशी लावली, प्लॉट घेतला, आणि आता गल्ली त्याला जिभाऊ म्हणते. कानबाईच्या सणाच्या रोटांना तो तुम्हाला हक्कानं बोलावतो, तापात रिक्षा करून दवाखान्यात नेतो. त्याला शत्रू समजणारा नवशिका फार दिवस टिकत नाही. जिभाऊ पहिल्याच संध्याकाळी शांतपणे सांगतो, “कोन्ही इचारं ते सांगजो, मना भाचा शे म्हनीसन.”

यामागं कायदा आहे. पालिकेत घराची आकारणी करताना घराचं क्षेत्रफळ, जागा, वय आणि वापर बघतात, तसंच त्यात मालक स्वतः राहतो की भाडेकरू हेही बघतात, आणि भाडेकरू असला की वेरा वाढतो. कुणा हुशार माणसानं विचार केला असेल की भाडं खाणाऱ्यानं थोडा जास्त कर द्यावा. विचार रास्त होता. परिणाम असा झाला की लिंबायतमध्ये भाडेकरू कमी आणि भाचे उदंड झाले. एकेका जिभाऊच्या बहिणी मोजायला बसलो तर खानदेशची जनगणना नव्यानं करावी लागेल.

पण पोलिसांकडे उलटं. पोलीस आयुक्तांचा जाहीरनामा असतो की भाडेकरू ठेवला तर त्याची माहिती ठाण्यात द्यावी, नाहीतर मालकावर गुन्हा. म्हणून हाच जिभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची झेरॉक्स आणि फोटो घेऊन ठाण्यात जातो. परिणामी तुम्ही एकाच खोलीत, एकाच चटईवर, पोलिसांच्या दप्तरी भाडेकरू आणि पालिकेच्या दप्तरी भाचे असता. संशय घ्यायला तुम्ही आहात, सोयी द्यायला नाही. नवशिक्यांचा इथं गोंधळ उडतो. कुठल्या खिडकीसमोर आपण कोण आहोत याची रोज सकाळी उजळणी करावी.

पाणी आणि त्यातले जीव

पालिकेचं पाणी दिवसातून ठरलेल्या वेळी काही काळ येतं. त्यानंतर ते मालकाच्या टाकीत असतं, आणि मालकाची मोटर त्याच्या मर्जीनं चालते. म्हणून प्रत्येक खोलीत ड्रम. ड्रम भरून ठेवणं हा लिंबायतमधला संसाराचा पाया आहे. लग्नात मिक्सर देण्यापेक्षा ड्रम द्यावा.

आता जीवशास्त्र. डेंगीचा एडीस डास घाण पाण्यात अंडी घालत नाही, त्याला तुमच्यासारखंच साठवलेलं स्वच्छ पाणी आवडतं. अंड्यापासून उडत्या डासापर्यंत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम पूर्ण रिकामा करून, आतून घासून, कोरडा करून भरला तर साखळी तुटते. हा डास दिवसा चावतो. दिवसपाळीवाले तेव्हा कारखान्यात असतात. खोलीत असतो तो उघड्या अंगानं झोपलेला रात्रपाळीवाला. तो कुठल्याही पोस्टरवर दिसत नाही. पोस्टरवरचं कुटुंब रात्री मच्छरदाणीत झोपलेलं असतं.

ड्रम बघायला पालिकेच्या आरोग्य खात्याची ताई येते. प्लेगनंतर सुरतेनं जे चांगलं कमावलं त्यातलं हे सगळ्यात टिकाऊ. घरोघर जाऊन तापाचे रुग्ण विचारणं, रक्ताचे नमुने घेणं, टाक्या, कुंड्या, टायर, फ्रिजमागचा ट्रे तपासणं. ताईच्या हातात टॉर्च असते, खांद्याला पिशवी, आणि तिला रोज इतके जिने चढायचे असतात की तिला लिंबायतचा भूगोल पालिकेच्या नकाशापेक्षा पक्का माहीत असतो. आपल्याकडे रोगासाठी घरात शिरण्याचा इतिहास बरा नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या तपासणीला गोरे सोल्जर देवघरापर्यंत गेले आणि २२ जूनच्या रात्री त्या तपासणीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडली गेली. ताईला मात्र लोक पाणी विचारतात. साड्यांवर टिकल्या चिकटवत बसलेल्या बायका तिला बसायला जागा करून देतात, आपल्या गुडघ्यांचं दुखणं सांगतात, आणि ती ड्रममध्ये टॉर्च मारते.

अळ्या, म्हणजे इथल्या भाषेत पोरा, सापडल्या तर पुढची प्रक्रिया अशी. पोरा तुमच्या ड्रममध्ये. ड्रम तुमचा. खोली जिभाऊची. नोटीस घराच्या नावावर. वहीवटी चार्ज, म्हणजे दंड, मालकाला. मालकाचा राग तुमच्यावर. आणि तुम्ही नळाखाली हंडा लावायच्या आत मोटर बंद. पाणी कमी येतं म्हणून ड्रम होता. ड्रम होता म्हणून पोरा झाल्या. पोरा झाल्या म्हणून पाणी आणखी कमी झालं. म्हणून आता दोन ड्रम घ्यावेत. ताईला हे सगळं ठाऊक असतं. तिच्या वहीत मोटरीसाठी रकाना नाही.

संडास

मजल्याला एक. स्वच्छ भारतचा सर्व्हे आला की विचारतात, “घरात संडास आहे का?” आहे. खूण होते. घरात माणसं किती, हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो. पाळी सुटण्याच्या आणि चढण्याच्या वेळी मजल्यावरच्या बारा माणसांनी प्रत्येकी पाच मिनिटं घेतली तरी तास होतो, आणि कारखान्यात उशीर झाला की खाडा लागतो. बायका चार वाजता उठतात, हे कुठल्याही सर्व्हेत येत नाही, पण गल्लीत सगळ्यांना माहीत असतं. पुरुषांनी चौकातल्या पैसे देऊन वापरायच्या शौचालयाशी ओळख ठेवावी. तिथं पाणी असतं, दिवा असतो आणि कडी आतून लागते. भाड्याच्या खोलीत या तीन गोष्टी एकत्र मिळाल्या तर भाडं वाढवून मागायच्या आत करार करून टाकावा.

जाता जाता एक अभिमानाची गोष्ट. बमरोलीला पालिकेचा प्लांट २०१४ पासून शहराचं सांडपाणी पुन्हा वापरण्याजोगं करतो, क्षमता दिवसाला चार कोटी लिटर, आणि ते पांडेसराच्या मिलांना विकतात. देशातल्या अनेक शहरांनी येऊन बघावं असं काम आहे. म्हणजे तुमचं सांडपाणी तुमच्या आधी सुधारतं, आणि त्याला गिऱ्हाईकही मिळतं.

सुधारणा आली, आता काय करावे

घाबरू नये. गल्लीत नवी ड्रेनेज लाइन पडते, त्या काळात महिनाभर फळीवरून ये-जा करावी. लाइन पडली की दुर्गंधी जाते, लहान मुलांचे जुलाब कमी होतात, आणि पुढच्या महिन्यात जिभाऊ चहाला बोलावतो. चहात साखर नेहमीपेक्षा जास्त असेल तर भाडं वाढलं असं समजावं. “आता आपली गल्ली पहिल्यासारखी राहिली नाही,” असं तो म्हणेल आणि ते खरंच असतं. रस्त्यावर दिवे लागले तर थोडं, बाग झाली तर थोडं, जवळून बीआरटीएसची बस गेली तर बरंच. पालिका सुधारणा करते ती पत्त्याची. पत्ता मालकाचा. तुमच्या वाट्याला तिची किंमत येते. ती परवडत नसेल तर खाडीच्या बाजूला, जिथं अजून काही सुधारलेलं नाही, तिथं खोली बघावी. खाडीचंही काँक्रीटनं बांधकाम चाललेलं आहे, म्हणून घाई करावी.

खाडीपुराबद्दल फार लिहीत नाही, तो स्वतः येऊन शिकवतो. पावसाळ्यात पाणी चढलं की पालिकेच्या शाळेत जावं. ही पालिका गुजरातीसोबत मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवते, ही साधी गोष्ट नाही. पाणी उतरलं की क्लोरीनच्या गोळ्या मिळतात, त्या घ्याव्यात. पंचनाम्यात नुकसान घराचं लिहितात. तुमची भिजलेली गादी घर नाही.

स्वतःचे घर मिळवणे

हा भाग प्रगत विद्यार्थ्यांसाठी आहे. पालिका गरिबांसाठी घरं बांधते, त्यांची नावं ‘सुमन’नं सुरू होतात, आणि ती ड्रॉ काढून देतात. अर्ज करताना एक अट वाचावी : प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसावं. गावाकडं सातजणांच्या नावावर असलेलं, दोन खणांचं, आजोबांनी सिमेंटचा हात मारलेलं घर या अटीत पक्कं बसतं. त्यात तुम्ही दिवाळीचे चार दिवस राहता. तुमची वर्षातली बाकीची झोप ज्या खोलीत होते ती कोणत्याच अर्जात लिहिता येत नाही.

भाड्याच्या घरांचाही विचार झालेला आहे. २०२० च्या टाळेबंदीत सुरतेतले मजूर रस्त्यावर आले, आम्हाला गावी जाऊ द्या म्हणाले, तेव्हा सरकारला कळलं की हे लोक कुठंतरी राहतही होते. जुलैत केंद्रानं परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना मंजूर केली. जुन्या योजनेत बांधून रिकामी पडलेली सरकारी घरं कामगारांना भाड्यानं द्यायची. सुरतेत अशी ३९३ घरं भाड्यासाठी काढली गेली. शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेतच ४४ लाखांच्या वर होती. तेव्हा नंबर लागेल असं धरून गादी बांधून ठेवू नये.

पालिकेच्या घरात राहण्याचा त्यातल्या त्यात सोपा मार्ग दुसरा आहे : ज्याला ड्रॉमध्ये घर लागलं त्याच्याकडून भाड्यानं घ्यावं. हे बेकायदा आहे, पालिका अधूनमधून तपासणी करते आणि अशी घरं सील करते. सील होईपर्यंत मात्र तुमच्याकडे स्वतंत्र संडास असतो.

पावती

मुंबईत सरकारनं शंभर वर्षांपूर्वी कामगारांसाठी बीडीडी चाळी बांधल्या, २०७ इमारती, खोली दहा बाय सोळाची. राहायला त्या फार सुखाच्या नव्हत्या. संडास मजल्याला सामाईक, गॅलरीत अंधार. पण राहणाऱ्याचं नाव कागदावर होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्या याच कागदामुळं. पुनर्विकासाबद्दल तक्रारी खूप आहेत, पण तक्रार करायलाही आधी यादीत असावं लागतं.

आपल्यालाही कागदाचा आधार आहे. १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा १९६० मध्ये राज्य वेगळं झालं तेव्हा गुजरातकडेही आला. पुढं महाराष्ट्रानं १९९९ मध्ये स्वतःचा नवा कायदा केला. त्या जुन्या कायद्यात लिहिलेलं आहे की मालकानं भाड्याची लेखी पावती द्यावी. पावती असली की तुम्ही त्या पत्त्यावर राहता हे सिद्ध होतं. रेशनला, शाळेला, पंचनाम्याला, उद्या घर पाडून नवं बांधायचं ठरलं तर यादीला. म्हणून पावती मागावी. कशी मागावी, ते सांगतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी जावं, जिभाऊ तेव्हा खुर्ची टाकून दारात बसलेला असतो. आधी भाडं द्यावं, मोजू द्यावं. गावाकडच्या पावसाचं विचारावं, कापसाचा भाव काढावा. मग आवाज न चढवता म्हणावं, “जिभाऊ, भाड्याची एक पावती भेटेल का?”

जिभाऊ नोटा खिशात ठेवेल, तुमच्याकडे मायेनं बघेल आणि म्हणेल, “भाच्याले कसानी पावती?”

यावर नवशिक्यानं काही बोलू नये. चहा येईल, तो घ्यावा, आणि पुढच्या महिन्याचं भाडं पाच तारखेच्या आत द्यावं.